मदत हवी आहे: डेंग्यूनंतर तीन महिन्यांनी केस मुठीने गळतायत, त्यात मायग्रेनची गोळी चालू आहे

वळेसर
बहिणीसाठी विचारतेय. वय ३४, राहते फोंड्याला. तारखा क्रमाने देते, म्हणजे परत विचारायला नको.

८ जुलैला ताप आला, तपासणीत डेंग्यू निघाला. सहा दिवस १०२-१०३ ताप, त्यातले चार दिवस इस्पितळात. प्लेटलेट सर्वात कमी ४६ हजार. वजन ६१ वरून ५४ किलो. घरी आल्यावर महिनाभर पेज, लोणचं आणि पातळ वरण. मग श्रावण, त्यामुळे चतुर्थी होईपर्यंत मासे-अंडी बंदच. १ सप्टेंबरपासून मायग्रेनसाठी प्रोप्रॅनोलॉल, दिवसाला ४० मिग्रॅ. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून गळती सुरू.

दर चार दिवसांनी डोक्यावरून न्हाते. गेल्या वेळी मोजले तर ३०० च्या वर. बहुतेक केस लांब, टोकाला पांढरा ठिपका. भांगाची रुंदी आहे तेवढीच आहे, पण कानशिलांकडे विरळ दिसतं. चट्टा नाही, कोंडा आणि थोडी खाज आहे.

रिपोर्ट: इस्पितळात असताना हिमोग्लोबिन १३.१, फेरिटिन (लोहाच्या साठ्याची चाचणी) १,१८०. ऑक्टोबरअखेर हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ७४, टीएसएच (थायरॉईडची चाचणी) ०.१८. गळती सुरू झाल्यापासून बायोटिन (ब गटातलं जीवनसत्त्व) १० मिग्रॅ रोज घेते.

प्रोप्रॅनोलॉल बंद करावी का? थायरॉईड वाढलाय का? फेरिटिन हजाराच्या वर असताना लोहाची गोळी कशाला? आणि मिनॉक्सिडिल (केस वाढवायला टाळूला लावायचं औषध) आत्ताच लावावं का? ती रोज उशीवरचे केस गोळा करून रडते, म्हणून चारही प्रश्न एकदम.

त्वचाविकार_म्हापसा
तारखा दिल्यात ते फार बरं केलंत. या प्रकारात निम्मं निदान कॅलेंडरवरच होतं.

डोक्यावर साधारण एक लाख केस. त्यातले ८५ ते ९० टक्के वाढीच्या अवस्थेत, ती २ ते ६ वर्षं चालते. उरलेल्यांपैकी बहुतेक विश्रांतीच्या अवस्थेत, तिथे केस सुमारे ३ महिने नुसता अडकून असतो आणि मग सुटतो. रोज ५० ते १०० केस जाणं हे त्याचंच. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, भराभर उतरलेलं वजन किंवा दीर्घ मानसिक ताण असला की वाढीतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात. त्या दिवशी कंगव्यात काहीच दिसत नाही. २ ते ३ महिन्यांनी सगळे एकत्र सुटतात. आज पडणारा केस जुलैतच सुटायचा ठरला होता. म्हणून कालचा शांपू किंवा परवाचं विहिरीचं पाणी याला दोष देण्यात अर्थ नाही.

वैद्यकीय नाव टेलोजन एफ्लुव्हियम. पांढरा ठिपका म्हणजे विश्रांती संपवून सुटलेल्या केसाचं मूळ. ठिपका नसेल तर केस मधेच तुटलाय, तो वेगळा विषय. केसाचं बीज जागेवरच राहतं, त्यामुळे या प्रकारात टक्कल पडत नाही. गळती बहुधा ३ ते ६ महिन्यांत ओसरते. पुढे केस महिन्याला जेमतेम १ सेंटिमीटर वाढतो, म्हणून वेणीची जाडी परत यायला वर्ष-दीड वर्ष जातं. हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा, नाहीतर दोन महिन्यांत धीर सुटतो आणि महागडी तेलं घरात येतात.

मोजणी मात्र चुकतेय. चार दिवसांचे ३०० म्हणजे दिवसाला ७५. कंगव्यातले आणि उशीवरचे त्यात धरलेले नाहीत, त्यामुळे तेवढ्यावरून निष्कर्ष निघत नाही. असं करा: ५ दिवस डोक्यावरून न्हायचं नाही. सहाव्या दिवशी मोरीच्या जाळीवर किंवा बेसिनच्या भोकावर मलमलचा तुकडा घालून शांपू करायचा, केस सगळीकडून नीट चोळून धुवायचे. फडक्यावरचे सगळे केस वाळवून मोजा आणि ३ सेंटिमीटरच्या आतले वेगळे काढा. आखूड केसाचं मूळ बघा, ते नसेल तर तो तुटका तुकडा आहे, मोजू नका. एकूण १०० च्या वर आणि आखूड १० टक्क्यांच्या आत असतील तर ही तापानंतरची गळती. आखूड १० टक्के किंवा जास्त असतील तर खाली आनुवंशिक विरळपणाही दडलेला असू शकतो. त्यात केस दर फेरीला बारीक आणि आखूड होत जातात, आणि भांग रुंदावतो.

मिनॉक्सिडिल आत्ता नको. सुरुवातीच्या २ ते ८ आठवड्यांत त्यानेही केस गळतात, म्हणजे गळतीवर गळती. परिणाम दिसायला ३-४ महिने लागतात, तोवर हे आपोआप थांबायच्या वाटेवर असेल आणि श्रेय बाटलीला जाईल. आनुवंशिक विरळपणा निघाला तर गोष्ट वेगळी. तेव्हाही गरोदरपणात आणि अंगावर पाजताना चालत नाही. घरात मांजर असेल तर बाटली, हात आणि उशीचा अभ्रा तिच्यापासून लांब ठेवा. मांजराला ते थोडंसंही घातक ठरतं.

कोंड्यासाठी २ टक्के कीटोकोनॅझोल शांपू, आठवड्यातून दोनदा, ५ मिनिटं ठेवून धुवायचा. आपल्या दमट हवेत कोंड्याची बुरशी तेलावर पोसली जाते. खोबरेल केसाच्या दांड्याला चांगलं, तुटणं कमी होतं, पण मुळाशी थापल्याने नवीन केस येत नाही. कोंडा जाईपर्यंत फक्त टोकांना लावा. कांद्याचा रस लावू नका, टाळूची आग होते.

प्रयोगशाळा_मडगाव
रिपोर्टबद्दल दोन गोष्टी, दोन्ही महत्त्वाच्या.

फेरिटिन हा लोहाचा साठा दाखवतो, पण शरीरात दाह असला की तो आपसूक चढतो. डेंग्यूत तर हजारोंत जातो. १,१८० हा आकडा आजाराचा आहे, त्यावरून लोहाबद्दल काहीच कळत नाही. तसंच डेंग्यूत रक्तातला द्रव वाहिन्यांबाहेर झिरपतो आणि रक्त दाट होतं, म्हणून तेव्हाचं १३.१ हिमोग्लोबिनही फुगलेलं असू शकतं. आजचं खरं चित्र १०.८ आणि एमसीव्ही ७४ मध्ये आहे. लाल पेशी लहान झाल्यात, आणि याचं सर्वात नेहमीचं कारण लोहाची कमतरता. फेरिटिन आता परत करा आणि सोबत सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी चाचणी). सीआरपी नॉर्मल असेल तरच फेरिटिनवर विश्वास ठेवायचा.

दुसरं टीएसएच. ज्या यंत्रांत चाचणीची बांधणी बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन या एकमेकांना चिकटणाऱ्या जोडीवर असते, तिथे रक्तातलं जादा बायोटिन चाचणीत लुडबूड करतं. टीएसएच खोटं कमी येतं, टी३-टी४ खोटे जास्त येतात. कागदावर हुबेहूब वाढलेला थायरॉईड दिसतो आणि माणसाला काहीच झालेलं नसतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. आहारातून बायोटिन सहसा कमी पडत नाही, त्याची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. १० मिग्रॅ म्हणजे ३०० पटीहून जास्त. आठवडाभर बंद ठेवून टीएसएच, टी३, टी४ परत करा. नमुना देताना बायोटिन चालू होतं हे तंत्रज्ञाला सांगा, फॉर्मवर तो रकाना नसतो. त्याआधी थायरॉईडची गोळी कोणी लिहून दिली तरी सुरू करू नका, आधी हे त्या डॉक्टरांना दाखवा.

औषधपेटी_डिचोली
प्रोप्रॅनोलॉल स्वतःहून बंद करू नका. अचानक सोडली तर छातीत धडधड, रक्तदाब उसळणं, मायग्रेन जोराने परतणं असं होतं. हृदयाचा त्रास असलेल्यांत तर धोका फार. सोडायची झाली तर डॉक्टर डोस उतरवत आणतात.

ती केस गाळू शकते का? हो, बीटा-ब्लॉकर गटातल्या गोळ्यांनी काहींचे केस गळतात. पण औषधाने होणारी गळतीही साधारण २ ते ४ महिन्यांनी दिसते. गोळी १ सप्टेंबरची, गळती ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली, म्हणजे जेमतेम सहा आठवडे. डेंग्यू मात्र बरोबर तीन महिने मागे. पहिला संशय तापावर. जानेवारीच्या मध्यापर्यंत गळती ओसरली नाही, तर मग गोळीचा विषय काढा. तेव्हा डॉक्टरांना केसांबद्दल आधी सांगा, कारण मायग्रेनसाठी दिलं जाणारं व्हॅलप्रोएट केस गाळण्यात पुढे आहे आणि गर्भालाही घातक आहे. आगीतून फुफाट्यात नको.

इतर वाचकांसाठी, या यादीत नेहमी सापडणारी: लिथियम, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, वॉरफरिन आणि हेपॅरिन, कार्बिमॅझोल, मेथोट्रेक्सेट, नैराश्यावरची काही औषधं. गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्यावरही दोन-तीन महिन्यांनी गळती होते. केमोथेरपी वेगळी, तिथे केस वाढीतच तुटतात आणि २-३ आठवड्यांतच जातात.

'केसांसाठी' म्हणून विकली जाणारी बहुजीवनसत्त्वं तपासून घ्या. जीवनसत्त्व अ आणि सेलेनियम जास्त झालं तर केस उलट गळतात. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत अचानक केस गेले, तेव्हा तिथल्या लोकांच्या रक्तात सेलेनियम जास्त सापडलं होतं. दोन गोळ्या एकदम घेताना दोन्ही गोळ्यांचे आकडे बेरजेत धरा.

आहार_काणकोण
७ किलो उतरलेत आणि महिनाभर पेज. मोठ्या वाडग्यात पेजेतून प्रथिनं मिळतात २-३ ग्रॅम. ५४ किलोच्या बाईला आजारातून उठताना दिवसाला ५५ ते ६५ ग्रॅम हवीत. शरीर तुटवड्यात असलं की केसाला शेवटी विचारतं.

बेरीज अशी करा: अंडं ६, १०० ग्रॅम बांगडा किंवा तारले १९-२०, वाटीभर घट्ट वरण ७, वाटीभर शिजवलेले अळसांदे (चवळी) १०, मूठभर शेंगदाणे ७. सकाळी दोन अंडी, दुपारी वरण आणि दोन मध्यम बांगडे, रात्री अळसांद्यांचं तोंडाक (रस्सा), मधे शेंगदाणे, म्हणजे झालं. शिवराक (शाकाहारी) दिवशी मासे-अंड्यांच्या जागी पनीर, मूग आणि दही वाढवा, नुसत्या भाजी-भातावर भागत नाही. लोहासाठी तिसऱ्या आणि खुबे (शिंपल्यांचे प्रकार) उत्तम, तांबडी भाजी चालते पण त्यातलं लोह कमी शोषलं जातं, वर लिंबू पिळा. जेवणाला लागून चहा नको.

वळेसर
सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं केलं. ५ दिवसांनी फडक्यावर १६० केस, ३ सेंटिमीटरच्या आतले मूळ असलेले ९. बायोटिन आठवडाभर बंद ठेवून टीएसएच २.१, टी३-टी४ नॉर्मल. सीआरपी नॉर्मल, फेरिटिन ९. पाळी सात दिवस, गाठी जातात, दोन वर्षांपासून. लोहाची गोळी कशी घ्यायची?

त्वचाविकार_म्हापसा
१६० मध्ये ९ म्हणजे साडेपाच टक्के. तापानंतरचीच गळती, आणि खाली लोह रिकामं. थायरॉईडचा संशय मिटला.

पण फेरिटिन ९ एकट्या डेंग्यूने आणि श्रावणाने होत नाही. दोन वर्षांची जड पाळी हे मूळ दिसतंय. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफी करून घ्या, नाहीतर गोळीने भरलेलं दर महिन्याला वाहून जाईल.

औषधपेटी_डिचोली
डोस डॉक्टर ठरवतील. नेहमी दिलं जातं ते फेरस अॅस्कॉर्बेट, १०० मिग्रॅ मूळ लोहाचं. एका डोसनंतर दिवसभर आतडं पुढचं लोह कमी घेतं, म्हणून एक दिवस आड घेतल्यास शोषण चांगलं होतं आणि पोटही कमी बिघडतं. हे डॉक्टरांना विचारून घ्या. रिकाम्या पोटी, लिंबूपाण्यासोबत. चहा, दूध, कॅल्शियम आणि आम्लपित्ताच्या गोळीपासून दोन तास लांब. शौचाला काळं होईल, घाबरू नका. मळमळलं तर जेवणानंतर घ्या, थोडं कमी शोषलं जाईल पण गोळी सुटणार नाही. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन तपासा, १ ते २ ग्रॅमने चढायला हवं. नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला आणखी तीन महिने गोळी चालू राहते. इथेच बहुतेक जण सोडून देतात.

वळेसर
तज्ज्ञांना प्रत्यक्ष कधी दाखवायचं? फोंड्याहून बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) लांब नाही.

त्वचाविकार_म्हापसा
गोमेकॉच्या त्वचा विभागाच्या ओपीडीत दाखवता येईल. गोल चट्टा पडला, टाळू दुखली, पू किंवा जाड खपल्या आल्या, भुवया विरळ झाल्या, टाळूवर केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली, यातलं काहीही झालं तर त्याच आठवड्यात जा. नाहीतर जानेवारीच्या मध्यात. जाताना जुलैपासूनचे सगळे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि वरची तारखांची यादी घ्या. त्या दिवशी डोक्याला तेल नको, डर्मोस्कोपमधून (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून) टाळू दिसायला हवी.

तोवर रोज मोजू नका. महिन्याच्या १ तारखेला, त्याच खिडकीपाशी, कोरड्या केसांचा मधोमध भांग पाडून एक फोटो आणि केस मागे ओढून कपाळाच्या कडेचा एक फोटो. कपाळाच्या कडेला दोन-तीन सेंटिमीटरचे टोकदार, उभे राहणारे केस दिसायला लागले की ते नवीन आलेत. ते तेल लावून चापून बसवू नका, आणि अबोलीचा वळेसर (गजरा) माळताना अंबाडा काही महिने सैल बांधा.