जास्त वेळा लावून लवकर गुण येत नाही
त्वचेच्या दाहावरचं स्टेरॉइडचं मलम दिवसातून चार-पाच वेळा लावलं की लवकर आराम पडतो, असं काही जण म्हणतात. ते पटत नाही. हे औषध पेशीत शिरून रिसेप्टरला (औषधाला पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, ती जोडी केंद्रकात जाते आणि दाह वाढवणाऱ्या जनुकांचं काम मंदावतं. याला काही तास लागतातच. शिवाय त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात औषधाचा साठा होऊन ते हळूहळू झिरपत राहतं, म्हणून दिवसातून एकदा, फार तर दोनदा पुरतं.

मलम शरीरावर कुठे लावायचं, हाही मुद्दा आहे. पापणी, चेहरा, जांघ इथली त्वचा हाताच्या त्वचेपेक्षा कितीतरी जास्त औषध शोषते. हातासाठी दिलेली ट्यूब कृपा करून चेहऱ्याला लावू नका. त्वचा पातळ होते, आणि डोळ्याजवळ महिनोन्महिने वापरली तर काचबिंदूचाही धोका असतो.