माकडताप: धडधाकट माणसांचं रक्त कशाला काढता?

बांदेकर: काल कुणीतरी लिहिलं, दोडामार्ग-सावंतवाडीत काजूच्या बागेत जाणाऱ्या प्रत्येकाची दरवर्षी माकडतापासाठी, म्हणजे रानातल्या गोचिडीच्या चाव्यातून येणाऱ्या विषाणूच्या तापासाठी, रक्ततपासणी करा. वाचून माझंच डोकं तापलं. 2016 पासून बघतोय हा आजार. पहिल्या आठवड्यात पीसीआर (रक्तात विषाणू शोधायचा), पुढे आयजीएम (त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधायची), पण ते ताप आलेल्याचं! ठणठणीत माणसात काय शोधणार? सापडलं तरी खास औषध नाही. गड्याची मजुरी बुडणार ती वेगळीच.

सत्तरीकर: औषध नाही म्हणून तपासायचंच नाही? माझ्या बाबांच्या प्लेटलेट उतरल्या, डेंगी ठरवून मोकळे झाले. काजू गोळा करायला जाता का, गोचीड चावली का, एकानेही विचारलं नाही. बाबा घरी आले नाहीत.

बांदेकर: वाईट झालं. पण ते तापाने फणफणले होते ना? मी धडधाकटांचं बोलतोय.

सत्तरीकर: शब्दांत पकडू नका.

आयंडहोवनकर: नेदरलँड्समध्ये 2007 ते 2010 शेळ्यांमुळे क्यू फीवर हा जिवाणूचा ताप पसरला, चार हजारांवर रुग्ण. गाभण शेळ्या मारल्या. नंतर हृदयाच्या झडपेचं दुखणं असलेल्यांना मुद्दाम शोधून तपासलं, त्यांना काही त्रास नसतानाही.

बांदेकर: कारण तो जंतू झडपेत वर्षानुवर्षं मुक्काम करतो आणि त्यावर गोळ्या आहेत. माकडताप असा दडून बसत नाही. उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत, आभारी आहे.

माडाखालचो: शेळये मारल्यानी मां? मग वांदर कित्याक नाय मारणत? नारळ, केळी, काय ठेवणत नाय. मेलेलो वांदर दिसलो म्हणान कळवलय, तर दोन दिसांनी इले!

सत्तरीकर: वांदर बिचारा स्वतःच मरतो त्या तापाने. तो मेला की अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात. मारून वाढवायच्या आहेत का?

माडाखालचो: बिचारो? तुझे नारळ गेले काय?

आयंडहोवनकर: गोचिडी गुरांवरही पोसतात. गुरं रानात सोडणं थांबवा आधी.

माडाखालचो: गवात थंयसून धाडतलस?

सत्तरीकर: नारळ पुरे! 2022 मध्ये जुनी लसही बंद झाली. उरलं काय, अंगाला गोचीड पळवणारं तेल चोपडणं?

बांदेकर: बरं, अर्धी माघार घेतो. जिथे वांदर मेला त्या वाडीत घरोघर जाऊन ताप विचारा, ज्याला असेल त्याचं रक्त त्याच दिवशी काढा. बाकीच्यांचं काढायचं तर रक्तदान शिबिर भरवा, मी बिस्किटं आणतो.

सत्तरीकर: हे आमच्याकडे तेव्हा केलं असतं तर.

माडाखालचो: आणि नारळांचा काय?