एकच नाव, माणसं दोन (किंवा चार!): तुमचे अनुभव लिहा

सकाळी रेडिओवर लावणी लागली आणि निवेदिका म्हणाली, "सुलोचनादीदींचा ठसकेबाज आवाज." आई असती तर तिने तिथल्या तिथे फोन लावला असता. दीदी म्हणजे सुलोचना लाटकर, पडद्यावरची आई. लावणी गाणाऱ्या त्या सुलोचना चव्हाण, डोक्यावरचा पदर ढळू न देता गायच्या.

१० डिसेंबर २०२२ ला सुलोचना चव्हाण गेल्या. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर श्रद्धांजली आली ती लाटकरांच्या फोटोसकट. दीदी तेव्हा हयात होत्या! आईने चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला आणि दिवसभर कोणाशी धड बोलली नाही. पुढे ४ जून २०२३ ला दीदी गेल्या, तर त्याच ग्रुपवर एकाने विचारलं, "या मागेच गेल्या ना?" दोघींनी पन्नासहून जास्त वर्षं काम केलं, दोघींना पद्मश्री मिळाली, आणि निरोपसुद्धा स्वतःचा असा मिळू नये? मला तेव्हाही राग आला होता, आजही आला.

तुम्हाला असे नामसाधर्म्याचे किस्से आठवतात का? लिहा.

जुना_ग्रंथपाल
शरद जोशी! आमच्या वाचनालयात एक शेतकरी गृहस्थ बसची वाट बघत असताना आत आले, "शरद जोशींचं काहीही द्या" म्हणाले. नव्या मुलाने हिंदी व्यंगलेखांचं पुस्तक काढून दिलं. गृहस्थांनी उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि म्हणाले, साहेब हिंदीत कधीपासून लिहायला लागले? हिंदीतले शरद जोशी उज्जैनचे, जन्म १९३१. शेतकरी संघटनेचे आपले साताऱ्यात जन्मलेले, १९३५ चे. म्हणून तर कार्डावर नावापुढे जन्मसाल लिहायचं असतं. ते साल खोडून "जागा वाचते" म्हणणाऱ्यांशी मी नोकरीभर भांडलो.

रानवारा
काका, आमच्या आजीने १९८६ चं चांदवडचं महिला अधिवेशन पाहिलंय. साहेब स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन राहिले, हे ती अजून सांगते. अगदी शेजारी राहत असल्यासारखं.

बाईंचा_वर्ग
मी इतिहास शिकवते. रमाबाई म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. थोरल्या माधवरावांमागे १७७२ मध्ये थेऊरला सती गेलेल्या रमाबाई, पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे, रमाबाई आंबेडकर. पेपरात "सेवासदन काढणाऱ्या पंडिता रमाबाई" हमखास येतं. मुलांना दोष देत नाही. पंडिता आणि रानडेबाई एकाच काळातल्या, पुण्यात १८८२ मध्ये पंडिताबाईंनी आर्य महिला समाज काढला तेव्हा रानडेबाई तिथे जात होत्या. म्हणून मी आता दोघींना एकाच गोष्टीत आणते. एक संस्कृत पंडिता, सभा गाजवणारी. दुसरी लग्नानंतर घरातल्या बायकांचे टोमणे ऐकत अक्षरं गिरवणारी. असं सांगितलं की मुलं घोळ घालत नाहीत. शारदा सदन पहिलीचं, सेवासदन दुसरीचं.

बेल झाली, बाकीचं नंतर.

शिट्टी_तिसरी
बाई, मग आनंदीबाई पण घ्या! राघोबादादांच्या आनंदीबाई, डॉ. आनंदीबाई जोशी आणि धोंडो केशव कर्व्यांच्या आनंदीबाई. कर्वेबाई मूळच्या गोदूबाई, शारदा सदनातल्याच. आणि डॉ. आनंदीबाईंना १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी मिळाली तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला हजर. पुढच्याच वर्षी आनंदीबाई गेल्या, बावीसही पूर्ण नव्हती. वाचलं की अजून गलबलतं.

पंचगंगाकाठ
शाहू. साताऱ्याचे थोरले शाहू १७४९ ला गेले, आमचे राजर्षी १८७४ ला जन्मले. मध्ये सव्वाशे वर्षं आहेत हो! १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा निर्णय कोणाचा, हे तरी नीट लिहा लोकहो.

रात्रपाळी
वर्तमानपत्रात डेस्कवर होतो. आमच्याकडे जयंत पाटील हे नाव आलं की पुढे कंसात पक्ष, नाहीतर बातमी परत. तेव्हा एक राष्ट्रवादीचे, इस्लामपूरचे, विधानसभेत. दुसरे शेकापचे, अलिबागचे, २०२४ पर्यंत विधान परिषदेत. अधिवेशन चालू असलं की दोघेही एकाच दिवशी बोलायचे! फोटो उचलणाऱ्याला तर मी दोन्ही चेहरे भिंतीवर चिकटवून दिले होते.

निवडणुकीत हे फार महागात पडतं. २०१४ ला रायगडमध्ये सुनील तटकरे दोनेक हजार मतांनी पडले आणि त्याच नावाच्या अपक्षाला नऊ हजारांवर मतं होती. २०१५ पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो येतो तो याचसाठी.

दुपारचा_चहा
मुद्द्याला धरून नाही, पण माझ्या सासऱ्यांचं नाव आडनावासकट एका फार मोठ्या गायकाचं आहे. नाव लिहीत नाही. दवाखान्यात पुकारा झाला की सगळ्या माना वळतात. अप्पा शांतपणे उठतात, सगळ्यांना नमस्कार करतात आणि आत जातात. गाणं मात्र सुरेख म्हणतात हं.

रानवारा
दुपारचा_चहा 😄 अप्पांना आमचा नमस्कार.

जुना_ग्रंथपाल
धागाकर्तीताई, तिसऱ्या सुलोचना राहिल्या. मूकपटांच्या काळातल्या रूबी मायर्स, पडद्यावरचं नाव सुलोचना. १९७३ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. आईंना ठाऊक असणार.

धागाकर्ती
काका, ठाऊक होतं! त्यांना ती "पहिली सुलोचना" म्हणायची. बाई, शिट्टी_तिसरी, तुमचं वाचून शारदा सदनावरच काही वाचावंसं वाटतंय. सुचवा.

बाईंचा_वर्ग
उद्या यादी टाकते. आज पन्नास पेपर आहेत.

जुना_ग्रंथपाल
रानवारा, आजींना विचारून चांदवडचं सविस्तर लिही ना. किती बायका, कशा गेल्या, राहिल्या कुठे.

रानवारा
विचारते काका. तिचा लाल बिल्ला आहे अजून, फोटोही टाकते.