मदत हवी आहे: सुका कचरा स्वच्छ आणि वेगळा कसा मिळवायचा?

पुण्यात आमची 64 फ्लॅटची सोसायटी आहे. ओला-सुका वेगळा करणं 2016 च्या नियमांपासून बंधनकारक आहे, आणि बहुतेक घरं दोन डबे ठेवतातही. अडचण सुक्या डब्यात काय येतं याची आहे. दुधाच्या पिशव्या न धुता टाकतात, पार्सलच्या डब्यांत आमटी तशीच असते. एक डबा सांडला की खालची सगळी रद्दी, पुठ्ठे वाया जातात. कचरावेचक ताई भर उन्हात बसून ते निवडतात, आंबलेल्या दुधाचा वास हाताला दिवसभर राहतो म्हणतात. भंगारवाला ओला पुठ्ठा घेत नाही, म्हणजे त्यांचेच पैसे बुडतात. हे बघवत नाही.

आतापर्यंत लिफ्टमध्ये सूचना लावली, व्हॉट्सॲपवर फोटो टाकले, एक मीटिंग घेतली. पंधरा दिवस फरक पडला, मग पुन्हा तेच. सुमारे 20 फ्लॅट भाड्याचे आहेत, माणसं बदलत राहतात. बऱ्याच घरांत कचरा कामवाल्या मावशी बाहेर ठेवतात, त्यांच्यापर्यंत आमची सूचना पोचतच नाही. दंडाला सभेने नकार दिलाय. वेगळी खोली नाही, फक्त जिन्याखाली थोडी जागा आहे.

सुका कचरा रोज न घेता आठवड्यातून ठरलेल्या दोनच दिवशी घेतला, तर लोक धुऊन, वाळवून देतात का? कुणाच्या सोसायटीत हे वर्षभर तरी टिकलंय का, आणि मावशींना कुणी, कसं समजावलं?