मांडवीत नांगरलेल्या बोटीवर एसी, बॅटरीवर रात्र निघेल का?

३८ फुटी शिडाची बोट आहे, पणजीजवळ नांगर टाकून असते. मे महिन्यात वारा पडला की केबिनमध्ये झोप लागतच नाही, मुलं तर रडकुंडीला येतात. १६००० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे थंड करण्याच्या क्षमतेचं माप), समुद्राच्या पाण्यावर चालणारा मरीन एसी बसवावा म्हणतोय. जनरेटर नाही, १२ व्होल्टची ४०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरी आणि इन्व्हर्टर आहे. जमेल का?

उत्तर १
रात्रभर नाही जमणार. तुमच्या बॅटरीत साधारण ५ युनिट वीज, तो एसी पंपासकट सव्वा-दीड किलोवॅट खाणार, म्हणजे कॉम्प्रेसर सलग चालला तर तीन-चार तासांत खेळ खल्लास. त्यापेक्षा ५-६ हजार बीटीयूचा छोटा घ्या, फक्त झोपायच्या केबिनला, दार लावून. तो ५००-६०० वॅटमध्ये भागतो.

उत्तर २
आधी ऊन अडवा हो! डेकपासून हातभर वर कॅनव्हासचं छत ताणा, आणि हॅचवर (डेकवरच्या काचेच्या झडपेवर) झाकण बाहेरूनच घाला, आतून पडदा लावला तर ऊन काचेतून आत येऊन गेलेलंच असतं. एसी कुठलाही घ्या, हे आधी करा.

उत्तर ३
एसीला समुद्राचं पाणी पुरवणारा पंप वॉटरलाइनच्या, म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या खालीच हवा आणि पाइप सतत चढता, मध्ये कुठे कमान झाली की हवा अडकते, पाणी थांबतं आणि एसी हाय प्रेशरवर ट्रिप होतो. मांडवीत गाळ भरपूर, गाळणी सारखी बघावी लागते. बाहेर पडणारी धार बारीक झाली की सीकॉक (बोटीच्या तळातून पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद करा, मगच गाळणी उघडा. गाळणी स्वच्छ असूनही धार बारीकच असेल तर बोटीखाली पाणी आत येतं त्या तोंडाशी शिंपले धरलेत का बघा.