मदत हवी आहे: सार्वजनिक बागेत दर रविवारी मुलांचं खेळसत्र घ्यायचंय, तयारी कशी करावी?

निरगुडी:
नमस्कार. घराजवळच्या सार्वजनिक बागेत रविवारी सकाळी दोन तास मुलांचं खेळसत्र घ्यायला उद्यान विभागाची परवानगी मिळाली आहे. एकूण आठ रविवार, प्रवेश मोफत, चालवणार आम्ही पालकच. नावं आलेली मुलं ४०: तीन वर्षांची १२, चार ते आठची १८, नऊ ते अकराची १०. एक सात वर्षांची मुलगी चाकांची खुर्ची वापरते.

बागेत झोक्यांच्या दोन चौकटी, एक घसरगुंडी, वर फळी असलेली चढायची जाळी आणि लटकत जायचा मंकी बार आहे. या सगळ्यांखाली वाळू. बाजूला मोठं मोकळं गवत. फाटकं दोन, एका कोपऱ्यात कारंज्याचा उथळ हौद.

खेळणी सुरक्षित आहेत हे कसं तपासायचं? माणसं किती लागतील? आणि दोन तास सगळ्या वयांना गुंतवायचं कसं? यादी असेल तर उत्तमच, पण एखादी गोष्ट का करायची तेही कळलं तर इतर पालकांना पटवता येईल.

मैदानी:
खेळण्याच्या रंगाआधी खालची जमीन बघा. बागेतल्या खेळण्यांवर मुलांना जे लागतं ते सर्वांत जास्त पडण्यामुळे, आणि इजा किती मोठी हे ठरतं ते किती उंचावरून आणि कशावर पडलं त्यावर.

एक पोलादी पट्टी आणि मोजायची टेप घेऊन जा. वाळूची खोली प्रत्येक खेळण्याखाली तीन ठिकाणी मोजा: कडेला, मध्ये, आणि जिथे पाय घासतात तिथे. झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी मुलांच्या पायांनी वाळू उडून बशीसारखा खळगा होतो. कडेला ३० सेंमी असली तरी खळग्यात ५ सेंमीच असते, आणि मूल नेमकं तिथेच पडतं. खांबांच्या बुडाशी काँक्रीटचा गोळा उघडा पडलाय का, तेही पाहा.

मग उंची मोजा. मंकी बारची उंची म्हणजे वरच्या दांडीपासून जमिनीपर्यंतची, मुलाच्या पायापासूनची नव्हे. झोक्याची उंची वरच्या कडीपासून. घसरगुंडीची वरच्या फळीपासून.

फटींसाठी पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा: एक ९ सेंमी रुंदीची पट्टी, एक २३ सेंमी व्यासाची गोल चकती. कठड्याच्या किंवा शिडीच्या बंदिस्त फटीत पट्टी शिरते पण चकती शिरत नाही, तर ती फट धोक्याची. लहान मूल पाय पुढे करून त्यातून सरकतं, धड निघून जातं आणि डोकं अडकतं.

झोक्याच्या साखळीचे एस आकाराचे हूक बघा. त्यांचं तोंड पूर्ण मिटलेलं हवं, १ मिमीहून जास्त फट नको. जाड पुठ्ठ्याचा कोपरा आत जात असेल तर त्यात कपडा अडकू शकतो आणि साखळीही निसटू शकते.

आकडे इथे टाका, मग पुढचं सांगतो.

पिंपळपान:
माणसांचं मी सांगते. ब्रिटनमध्ये बालसुरक्षेचं काम करणाऱ्या एनएसपीसीसी या संस्थेचं प्रमाण वापरायला सोपं आहे: दोन-तीन वर्षांच्या ४ मुलांमागे एक मोठं माणूस, चार ते आठच्या ६ मुलांमागे एक, नऊ ते बाराच्या ८ मुलांमागे एक. तुमच्या आकड्यांना ३, ३ आणि २, म्हणजे ८ जण. शिवाय दोघं असे हवेत ज्यांच्याकडे एकही गट नाही: एक फाटकावर, एक प्रथमोपचाराची पेटी घेऊन. गट सांभाळणाऱ्याच्या हातात पेटी दिली, तर एकाचा गुडघा पुसेपर्यंत उरलेली पाच मुलं मोकळी राहतात.

दुसरं फाटक सत्रापुरतं बंद ठेवता येईल का ते उद्यान विभागाला लेखी विचारा. बाग सार्वजनिक आहे, इतरांचा रस्ता अडवता येत नाही. नाही म्हणाले तर तिथे अकरावा माणूस उभा करा.

सुरुवातीला प्रत्येक गटाचा एक फोटो काढा, पायापर्यंत सगळे दिसतील असा. मूल दिसेनासं झालं तर "निळा शर्ट होता बहुतेक" असं म्हणायची वेळ येत नाही. पालकांची परवानगी आधी घ्या, सत्र संपलं की फोटो पुसून टाका.

मूल सापडत नसेल तर पहिला माणूस धावतो पाण्याकडे, म्हणजे तुमच्या हौदाकडे. दुसरे दोघे फाटकांवर. उरलेली मुलं जिथे आहेत तिथेच खाली बसतात आणि मोजली जातात. नाव घेत हाका मारणं त्यानंतर. पाणी उथळ आहे म्हणून हा क्रम बदलू नका. लहान मूल अगदी थोड्या पाण्यातही बुडतं, आणि बुडताना आवाज होत नाही. खरं तर सत्रापुरता हौद रिकामा ठेवायला सांगा.

निरगुडी:
खूप आभार. आज मोजून आलो.

झोके: कडी २.४ मीटरवर. वाळू कडेला २२ सेंमी, खळग्यात ६. एका खांबाचं काँक्रीट दिसतंय.
मंकी बार: दांडी २.१ मीटर, वाळू १५ सेंमी, पायाला कडक लागते.
जाळी: वरची फळी १.८ मीटरवर. कठड्याच्या गजांत १२ सेंमी फट. पट्टी जाते, चकती जात नाही.
घसरगुंडी: फळी १.१ मीटर, कठडा भरीव. वाळू बाजूंना २६ सेंमी, तोंडाशी ८.
हूक सगळे मिटलेले आहेत.

मैदानी:
नीट मोजलंत, त्यामुळे उत्तर सरळ देता येतं. घसरगुंडी वापरा. बाकी तिन्ही सत्रात घेऊ नका.

कारण वाळू. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे २३ सेंमी वाळू सुमारे १.२ मीटरपर्यंतच्या पडण्याला पुरते. तेवढ्याच खोलीच्या लाकडी चिप्स सुमारे ३ मीटरपर्यंत. म्हणजे तुमच्या मंकी बारखाली वाळू १५ची २३ केली तरी २.१ मीटरला ती पुरणार नाही. इथे प्रश्न भर घालण्याचा नाही, भर कशाची याचा आहे. आणि वाळू ओली होऊन वाळली की दबते, म्हणून तुमच्या पायाला कडक लागली.

घसरगुंडीच्या तोंडाशी सत्राआधी दर वेळी कडेची वाळू दंताळ्यानं आत ओढा आणि पुन्हा पट्टी लावा, २३च्या वर हवी. दबलेली असेल तर फावड्यानं उकरून भुसभुशीत करा. उकरताना काचा, खिळे, जनावरांची घाण दिसेल तीही तेव्हाच काढून टाका. घसरगुंडीच्या सगळ्या बाजूंना १.८ मीटर जागा मोकळी हवी. त्या पट्ट्यात बाक, सायकल, पिशव्या काही नको.

जाळीच्या फटीला दोरी किंवा तार बांधून तात्पुरता उपाय करू नका. सैल दोरीत मान अडकते, म्हणजे एक धोका घालवून दुसरा आणला.

उद्यान विभागाला पत्र द्या, त्यात आकडे लिहा. "खेळणी असुरक्षित आहेत" या वाक्यावर काही हलत नाही. "मंकी बार २.१ मीटर, खाली वाळू १५ सेंमी, लाकडी चिप्स दबल्यावर २३ सेंमी राहतील अशा हव्यात" यावर कामाचा अंदाज काढता येतो. चिप्स दबतात, म्हणून टाकताना ३० सेंमी टाकाव्या लागतात. झोक्याच्या पुढे आणि मागे कडीच्या उंचीच्या दुप्पट जागा धरतात, तुमच्याकडे ४.८ अधिक ४.८ मीटर. चौकट ३.४ मीटर रुंद धरली आणि दोन्ही बाजूंना १.८ सोडले तर ७ मीटर. ९.६ गुणिले ७ गुणिले ०.३, म्हणजे एका चौकटीला सुमारे २० घनमीटर. पालकांनी फावडी घेऊन उरकायचं हे काम नव्हे. आणि चिप्स वाळूवर नुसत्या ओतायच्या नाहीत. वाळू चिप्समधल्या पोकळ्यांत शिरते आणि उशीसारखं दबणं संपतं. आधी वाळू काढायची, पाणी निचरेल असा थर करायचा, मग चिप्स.

निरगुडी:
झोके बंद म्हटल्यावर मुलं हिरमुसतील. मग दोन तासांत करायचं काय?

चाफेकळी:
गवत आहे ना, मग भरपूर आहे. झोक्यावर एका वेळी एकच मूल हलतं, बाकीची रांगेत. आधी वेळेचा हिशेब करा. दहा मुलांची एक रांग, प्रत्येकाची धाव २० सेकंदांची, तर एक मूल २० सेकंद पळतं आणि १८० सेकंद उभं राहतं. त्या १८० सेकंदांत ढकलाढकली सुरू होते आणि आपण मुलांना रागावतो. तीन-तीनच्या रांगा केल्या की वाट बघणं ४० सेकंदांवर येतं.

"आउट" होऊन बाहेर बसायचे खेळ टाळा. ज्याला पळायची सर्वांत जास्त गरज, तोच पहिल्या मिनिटाला बाहेर बसतो. पकडापकडीत पकडलेल्यानं पुतळा व्हायचं आणि दुसऱ्यानं हात लावला की सुटायचं, एवढ्या बदलानं सगळे शेवटपर्यंत खेळात राहतात. दहा मुलांना १५ गुणिले १५ मीटरचा चौकोन पुरे. कोपऱ्यांना दगड नको, कापडी पिशव्या ठेवा.

खरा वेळ मात्र सुट्या वस्तूंना द्या, निदान ५० मिनिटं. सायमन निकल्सन यांनी १९७१ साली मांडलेला विचार आहे: जागेत हलवता, जोडता, मोडता येतील अशा वस्तू जितक्या जास्त, तितकी मुलांची कल्पकता जास्त. त्याआधी १९४३ साली डेन्मार्कमध्ये एमड्रप इथे टाकाऊ सामानाचं खेळाचं मैदान सुरू झालं होतं, तिथे मुलं स्वतःच बांधत आणि मोडत.

पंधरा मुलांना २० मोठे पुठ्ठ्याचे खोके, ६ जुन्या चादरी, ४ कागदी चिकटपट्ट्या, ४० कपड्यांचे चिमटे. खोक्यांच्या तारेच्या पिना आदल्या दिवशी काढा, तळापर्यंत हात फिरवून. खोके कमी पडले तर भांडणं होतात, जास्त झाले तर काही बिघडत नाही. मोठ्यांनी "घर करू या" असं सुचवायचं नाही. पहिली दहा मिनिटं मुलं नुसती खोके ओढतात, आत बसतात, लाथा मारतात. बघणाऱ्याला वाटतं बेत फसला. थांबा. साधारण पंधराव्या मिनिटाला कोणीतरी दोन खोक्यांवर चादर टाकतं आणि बाकीची आपोआप तिकडे वळतात.

शेवटची २० मिनिटं आवरायला धरा. खोके चपटे करणं हाही मुलांना आवडणारा खेळ आहे.

मैदानी:
चाफेकळींच्या यादीत एक जोड: उड्या मारायच्या दोऱ्या आणल्यात तर त्या घसरगुंडीजवळ जाऊ देऊ नका. मूल दोरी वर बांधतं, घसरताना ती मानेत अडकते. गळ्याशी नाडी असलेले कपडे, ओढण्या आणि सायकलची हेल्मेटही वर चढण्याआधी उतरवायची. रस्त्यावर जीव वाचवणारं हेल्मेट फटीत अडकलं की हनुवटीच्या पट्ट्यानं गळा आवळतं.

दोन_पावलं:
खुर्चीवाल्या मुलीबद्दल अजून कोणी लिहिलेलं नाही. सैल वाळूत आणि सैल चिप्समध्ये पुढची लहान चाकं रुततात. म्हणून चिप्स मागताना कडक रबरी जमिनीची निदान एक वाट मागा: १.५ मीटर रुंद, चढ १६ला १ याहून जास्त नको.

तोवर सगळं गवतावर आणा. गवत ८-१० सेंमी वाढलं असेल तर चाक ओढतं, त्यामुळे दोन दिवस आधी कापून घ्या. खोके ठेवताना मध्ये १.५ मीटर रुंदीची मोकळी जागा सोडा, खुर्ची पूर्ण वळायला तेवढी लागते. चादरीचं छत तिच्या डोक्याच्या वर राहील एवढं उंच बांधलं तर ती आत जाऊ शकते. नाहीतर तंबू बनतो आणि ती बाहेरून बघत राहते. पकडापकडीत तिला "पंच" करू नका. चौकोन लहान करा आणि सगळ्यांनाच फक्त चालायची मुभा द्या. आणि खुर्ची कोण ढकलणार, की कोणीच नाही, हे तिलाच विचारा. न विचारता खुर्चीला हात लावायचा नाही, हे बाकीच्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

पिंपळपान:
घसरगुंडीला ऊन लागत असेल तर मुलांच्या आधी हाताची मागची बाजू टेकवून बघा. धातूच काय, प्लास्टिकही भाजतं, आणि लहानांची कातडी काही सेकंदांत. गडगडाट ऐकू आला की सत्र थांबवा, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटांनीच पुन्हा मैदानात.

पेटीवाल्यानं दोन गोष्टी पाठ कराव्यात. नाकातून रक्त आलं तर मान पुढे, मागे नाही, आणि नाकाचा मऊ भाग १० मिनिटं न सोडता दाबून धरायचा. पक्का दात निखळला तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरायचा, दुधात बुडवायचा आणि लगेच दंतवैद्याकडे. दुधाचा दात पुन्हा बसवत नाहीत. डोक्याला मार लागून मूल पुन्हा पुन्हा ओकलं किंवा पेंगू लागलं, तर वाट बघायची नाही, थेट रुग्णालय.

निरगुडी:
सगळं उतरवून घेतलं. शेवटचं एक: तीन वर्षांच्या मुलांचे पालक घसरगुंडीवर मांडीवर घेऊन बसू म्हणतात. चालेल?

मैदानी:
नको. सुरक्षित वाटतं, पण मुलाचा बूट कडेला किंवा पृष्ठभागाला अडकतो, पाय तिथेच थांबतो आणि मोठ्या माणसाचं वजन पुढे जातं. गुडघ्याखालचं हाड मोडतं. एकटं घसरणारं मूल पाय अडकला तर नुसतं थांबतं, कारण मागून लोटणारं वजन नसतं. पालकांना शिडीच्या मागे आणि तोंडाशी बाजूला उभं करा. ज्याला एकट्यानं जायची भीती वाटते, त्यानं या रविवारी फक्त शिडीच्या दोन पायऱ्या चढून उतरलं तरी पुरे.