झोपेत दात खाण्याच्या त्रासावर बोटॉक्सचे इंजेक्शन घ्यावे का?

प्रश्न : शिक्षिका, नाशिक

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत शिकवते, वय ४३. मी झोपेत दात खाते, हे मला आधी घरच्यांकडून आणि नंतर दंतवैद्यांकडून समजले. दोन्ही बाजूंच्या दाढा वरून सपाट झाल्या आहेत, एका दाढेला उभी चीर गेली आहे आणि सकाळी उठल्यावर जबडा इतका आखडलेला असतो की पहिला घास घेताना कानापुढे कळ येते. कानशिलांत ठणका असतो तो वेगळाच. तो दुपारपर्यंत उतरतो. दंतवैद्यांनी दिलेला नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर बसवायचे आवरण, मी नेमाने लावते, परंतु तो चावून चावून भोके पडण्याच्या बेताला आला आहे.

आता त्यांनी गालाच्या स्नायूंमध्ये बोटॉक्सचे इंजेक्शन घेण्याचा पर्याय सुचवला आहे. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसाठी ते वापरतात एवढेच मला ठाऊक होते. या इंजेक्शनाने दात खाणे थांबते का, भाकरी किंवा भाजलेले शेंगदाणे चावता येतात का, वर्गात दिवसभर बोलताना अडचण येईल का आणि ते पुनःपुन्हा घेत राहिल्यास काही कायमची हानी होते का, हे मला समजून घ्यायचे आहे. खर्च मोठा असल्याने निर्णय घाईने घ्यायचा नाही.

प्रतिसाद : दंतवैद्य, सांगली

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. बोटुलिनम टॉक्सिनने, म्हणजे बोटॉक्समधल्या औषधाने, दात खाणे थांबत नाही. दात खाताना लागणारा जोर कमी होतो.

झोपेत दात खाण्याची सुरुवात दातांत किंवा गालात होत नाही, ती मेंदूत होते. गाढ झोप क्षणभर उथळ होते, हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि त्यापाठोपाठ चावण्याचे स्नायू तालात आकुंचन पावू लागतात. हा क्रम झोपेच्या प्रयोगशाळांमध्ये अनेकदा नोंदला गेला आहे. बोटुलिनम टॉक्सिन या क्रमाच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर काम करते. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडले की स्नायू आकुंचन पावतो. ते बाहेर पडण्यासाठी लागणारे एक प्रथिन हे औषध तोडते, त्यामुळे मेंदूचा आदेश आला तरी स्नायूपर्यंत त्यातला थोडाच भाग पोहोचतो. दक्षिण कोरियात सुमारे २० रुग्णांची रात्रभर झोप नोंदवून केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. इंजेक्शननंतर स्नायूंच्या आकुंचनांची तीव्रता घटली, परंतु त्यांची संख्या आणि ताल जवळपास तसाच राहिला, असे त्यात आढळले. माझ्या मते या विषयावरचा हा सर्वांत उपयुक्त अभ्यास आहे, कारण रुग्णाने कोणती अपेक्षा ठेवावी आणि कोणती ठेवू नये हे त्यातून स्वच्छ कळते.

जोर कमी होणे ही किरकोळ गोष्ट नाही, हेही सांगायला हवे. सकाळचा आखडलेपणा, कानशिलांतला ठणका आणि तडे जाणारे दात हे सारे जोराचेच परिणाम आहेत. अमेरिकेतील एका अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, २२ रुग्णांपैकी १३ जणांना औषध आणि ९ जणांना औषध नसलेले द्रावण टोचले होते. औषध मिळालेल्या गटाला स्वतःच्या त्रासात अधिक सुधारणा जाणवली. मात्र रुग्णसंख्या लहान होती आणि मात्राही मोठी, म्हणजे गालाच्या प्रत्येक स्नायूत ६० आणि कानशिलाच्या प्रत्येक स्नायूत ४० युनिट, अशी एकूण २०० युनिट होती. आपल्याकडे नेहमीच्या व्यवहारात गालाच्या मॅसेटर स्नायूत प्रत्येक बाजूला साधारण २० ते ३० युनिटपासून सुरुवात करतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी दात खाण्यासाठी या औषधाला अद्याप मान्यता दिलेली नाही. डॉक्टर स्वतःच्या निर्णयाने आणि रुग्णाच्या लेखी संमतीने ते वापरतात. म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते शांतपणे वाचा.

परिणाम काही दिवसांत जाणवू लागतो, दोन ते चार आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन-चार महिन्यांनी ओसरतो. बोलण्यात सहसा अडथळा येत नाही, कारण जीभ आणि ओठांचे स्नायू वेगळे आहेत. चावण्याचे म्हणाल तर पोळी-भाजीला त्रास होत नाही. कडक आणि चिवट पदार्थ खाताना जबडा लवकर दमतो.

कायमच्या हानीबद्दल विचारलेत, ते महत्त्वाचे आहे. सशांवरील प्रयोगांत चावण्याचा स्नायू असा दुबळा केल्यावर जबड्याच्या सांध्याजवळचे हाड विरळ झालेले दिसले, कारण हाडाला टिकून राहण्यासाठी स्नायूचा ताण लागतो. माणसांमधील अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. वर्षानुवर्षे मोठ्या मात्रा घेण्याबाबत मी सावध राहतो आणि पाळी बंद होण्याच्या वयाजवळ आलेल्या, हाडे ठिसूळ होण्याचा धोका असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत अधिकच.

तुम्हाला दोन प्रश्न विचारतो. तुमचा नाइट गार्ड मऊ आहे की कडक ॲक्रिलिकचा? आणि तुम्ही रोज कोणती औषधे घेता?

प्रतिसाद : इंजेक्शन घेतलेली वाचक, पुणे

मी हे इंजेक्शन घेतले आहे, म्हणून अनुभव लिहिते. माझा दिवस संगणकासमोर जातो आणि मी झोपेत तर दात खातेच, शिवाय काम करताना जबडा घट्ट आवळून बसते. टोचताना विशेष दुखले नाही. पहिल्या आठवड्याच्या शेवटी सकाळची डोकेदुखी हलकी झाली आणि पुढे कित्येक दिवस ती आलीच नाही. या एका गोष्टीसाठी मी त्या औषधाची ऋणी आहे.

परंतु दोन गोष्टी आधी कोणी नीट सांगितल्या नव्हत्या. एक म्हणजे हसताना ओठाचा एक कोपरा वर जात नव्हता. औषध शेजारच्या, हसण्याच्या स्नायूत उतरल्यामुळे तसे झाले आणि ते हळूहळू आपोआप सुधारले, तरी त्या काळात लग्नसमारंभात फोटो काढून घेणे मला फार जड गेले. दुसरे म्हणजे गाल खाली बसले. रुंद जबडा निमुळता व्हावा म्हणून काही जण हेच इंजेक्शन मुद्दाम घेतात, पण माझा चेहरा मुळातच बारीक असल्याने भेटणारा प्रत्येक जण आजारी होतीस का, असे विचारू लागला. खाण्याचे म्हणाल तर ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, चिक्की आणि ऊस त्या हिवाळ्यात वर्ज्य केले.

तीन-चार महिन्यांनी दुखणे परत आले. त्यानंतर फिजिओथेरपिस्टकडून जबड्याचे व्यायाम शिकले आणि ओठ मिटलेले, दात सुटलेले, जीभ टाळूला टेकलेली, ही स्थिती दिवसभर आठवणीने ठेवण्याची सवय लावली. जागेपणीच्या दात आवळण्यावर मला याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. इंजेक्शन पुन्हा घेईन, पण दुखणे असह्य झाले तरच.

प्रतिसाद : मज्जाविकारतज्ज्ञ, नागपूर

वर दंतवैद्यांनी औषधांबद्दल विचारले आहे, तोच धागा पुढे नेतो. नैराश्य आणि चिंता यांवर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमुळे, उदाहरणार्थ फ्लुओक्सेटीन, सरट्रालीन, एसिटालोप्राम किंवा व्हेन्लाफॅक्सीनमुळे, काही रुग्णांत दात खाणे नव्याने सुरू होते किंवा वाढते. बहुधा गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत हे घडते. अशा वेळी मात्रा कमी करणे, गोळी बदलणे किंवा बुस्पिरोनसारखे दुसरे औषध जोडणे यांपैकी काही करता येते. मात्र ते मनोविकारतज्ज्ञांनीच ठरवायचे असते. कोणीही अशी गोळी स्वतःहून एकदम बंद करू नये.

दुसरा प्रश्न घोरण्याचा. झोपेत श्वास अडकण्याचा विकार आणि दात खाणे ही दोन्ही अनेकदा एकाच व्यक्तीत आढळतात. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे, सकाळी डोके दुखणे, दिवसा पेंग येणे आणि रक्तदाब वाढलेला असणे अशी लक्षणे असतील तर गालात सुई टोचण्याआधी झोपेची तपासणी करावी. श्वास अडकत असताना जबडा नुसता दुबळा केला तर दुखणे झाकले जाईल आणि हृदयावर ताण आणणारा मूळ आजार तसाच राहील. या तपासणीचा आग्रह मी प्रत्येक रुग्णाकडे धरतो, कारण सकाळची डोकेदुखी सरसकट दातांच्या खाती टाकली जाते आणि श्वासाचा आजार वर्षानुवर्षे निदानावाचून राहतो.

या औषधाचा वैद्यकात शिरकाव सुरकुत्यांसाठी झालेला नाही, हेही वाचकांना ठाऊक असावे. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरले आणि १९८९ मध्ये तिरळेपणा व पापण्यांच्या अनैच्छिक आकुंचनासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. भुवयांमधल्या आठ्यांसाठीची मान्यता २००२ ची आहे. दात खाण्यावरचा सुरुवातीचा वापर १९९० मध्ये नोंदला गेला. तो रुग्ण मेंदूला इजा झालेला होता आणि त्याचे दात खाणे अतिशय तीव्र होते. अशा रुग्णांमध्ये, तसेच जबड्याच्या डिस्टोनियामध्ये, म्हणजे जबड्याचे स्नायू आपोआप आखडण्याच्या विकारात, मी स्वतः हे औषध निःशंकपणे वापरतो. ज्यांना मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू दुबळे करणारा आजार आहे, ज्या गरोदर आहेत किंवा बाळाला अंगावर पाजत आहेत, त्यांनी ते घेऊ नये.

प्रतिसाद : एक पालक, कोल्हापूर

विषय जवळचा आहे म्हणून विचारतो. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि रात्री करकर दात खातो. पोटात जंत असतील, असे आई म्हणते. त्याच्यासाठी असे इंजेक्शन असते का?

प्रतिसाद : दंतवैद्य, सांगली

निरोगी मुलासाठी या इंजेक्शनाचा विचारही नको. या वयात दात खाणे पुष्कळ मुलांत दिसते आणि बहुतेकांत मोठेपणी आपोआप थांबते. जंतांचे औषध एरवी द्यायचे असेल तर जरूर द्या, पण जंतांमुळेच दात खाल्ले जातात याला भक्कम आधार नाही. तो घोरत असेल किंवा तोंड उघडे ठेवून झोपत असेल, तर मात्र टॉन्सिल आणि नाकामागची ॲडेनॉइड ग्रंथी वाढल्या आहेत का, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पाहून घ्या.

प्रतिसाद : शिक्षिका, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. माझा गार्ड मऊ आहे. चिंतेच्या त्रासासाठी मी गेल्या वर्षापासून एसिटालोप्राम घेते. दात खाणे त्याच्या आधीपासूनचे आहे, परंतु दाढेला चीर गेली ती गोळी सुरू झाल्यानंतर. मी घोरते, असेही यजमान सांगतात, आणि कधी कधी मी दचकून उठते. या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या असू शकतात हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मलाही ते सुचले नव्हते. मनोविकारतज्ज्ञांना मी या आठवड्यात भेटणार आहे आणि झोपेच्या तपासणीसाठी चौकशी सुरू केली आहे. चीर गेलेल्या दाढेचे काम तोवर थांबवावे का?

प्रतिसाद : दंतवैद्य, सांगली

दाढेचे काम थांबवू नका. चीर खाली मुळापर्यंत गेली तर दाढ काढावी लागते. आधी कॅप बसवून घ्या आणि नवा, कडक ॲक्रिलिकचा गार्ड त्यानंतर करा, कारण कॅपमुळे दाताचा आकार बदलतो आणि आधीच केलेला गार्ड मग नीट बसत नाही. मऊ गार्ड जोराने चावणाऱ्या माणसापुढे टिकत नाही. श्वास अडकण्याचा विकार निघाला, तर गार्ड करण्यापूर्वी ते तुमच्या दंतवैद्यांना जरूर सांगा. वरच्या जबड्यावर बसणाऱ्या साध्या गार्डने काही रुग्णांत तो विकार वाढलेला आढळला आहे आणि अशा वेळी खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे उपकरण अधिक योग्य ठरू शकते. चाव जुळवण्यासाठी चांगले दात घासून कमी करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो स्वीकारू नका. घासलेला दात परत येत नाही आणि त्याने दात खाणे थांबत असल्याचा पुरावा नाही.

हे सर्व झाल्यावरही सकाळचे दुखणे राहिले, तर इंजेक्शन हा विचारपूर्वक निवडलेला, चांगला पर्याय आहे. त्या वेळी औषधाची कुपी समोर उघडायला सांगा आणि तिचे नाव, बॅच क्रमांक व प्रत्येक बाजूला दिलेली युनिट फाइलमध्ये लिहून घ्या. बोटॉक्स आणि डिसपोर्ट या एकाच प्रकारच्या औषधाच्या दोन कंपन्यांच्या नावांची युनिट सारखी नसतात, त्यामुळे पुढच्या वेळी डॉक्टर किंवा कंपनी बदलली तर नुसता आकडा सांगून चालत नाही. टोचण्यापूर्वी डॉक्टर तुम्हाला दात घट्ट आवळायला लावून स्नायूच्या कडा बोटांनी चाचपतात आणि कानापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या रेषेच्या खालीच सुई देतात. वर पुण्याच्या ताईंनी सांगितलेला हसण्याचा त्रास टाळण्यासाठी ही खबरदारी आवश्यक असते. पहिली मात्रा कमीच ठेवायला सांगा आणि पुढचे इंजेक्शन तीन महिन्यांच्या आत घेऊ नका, कारण फार जवळजवळ दिल्यास शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते आणि मग औषध लागू पडेनासे होते.